कडुनिंबाखाली बसवलेली साक्षीदार

६ जानेवारी, सोमवार

सकाळी हवालदार समन्स घेऊन आला. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. हे दारात गेले आणि तिथूनच म्हणाले, "अगं, तुला न्यायला आलेत." मी नोकरीतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, यांची थट्टा मात्र अजून कामावर आहे.

साताऱ्याचं सेशन कोर्ट, २० तारीख. कोरेगावकडच्या हिराबाईच्या मुलाच्या खुनाची केस. तिची ओळख परेड तीन वर्षांपूर्वी मी घेतली होती, नायब तहसीलदार म्हणून. अशा अकरा परेड घेतल्या मी. एकाही टिपणात खाडाखोड नाही. हे हवालदाराला सांगितलंसुद्धा. त्याला काय त्याचं. चहा पिऊन गेला.

७ जाने.

सरकारी वकिलांचा (स.व.) फोन. तरुण दिसतोय, घाईत बोलतो. "मॅडम, सगळी केस तुमच्या परेडवर उभी आहे."

विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरायला दोघं आले होते. मुलगा आडवा गेला, त्याच्या डोक्यात पहार घातली. हिराबाई बांधावर होती. तिन्हीसांजेला तिने एकाचा चेहरा पाहिला. दुसरा आजवर सापडला नाही. केबल भंगारात मिळाली, पण ती कुणी आणून दिली ते कुणी सांगत नाही. म्हणजे सात जणांच्या रांगेत तिने एकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मी लिहून घेतलं, एवढाच काय तो पुरावा.

टिपणाची प्रत मोबाइलवर आली. स्वतःचं अक्षर बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

९ जाने.

टिपण दोनदा वाचलं. "साक्षीदारास स्वतंत्र खोलीत बसविले. तेथून आरोपीची ने-आण अथवा परेडची जागा दिसत नव्हती." इथे अडखळले. असं होतं का?

माळ्यावरून त्या वर्षीची रोजनिशी काढली. एप्रिलातलं पान, माझंच: "तुरुंगात ओळख परेड. म्हातारीला घेरी येत होती. खोलीला पत्रा, त्यात लाइट गेलेली. बाहेर कडुनिंबाखाली बसवलं. पाणी दिलं. ११ ला सुरू, १२ ला संपलं. येताना आंबे घेतले, आंबट निघाले."

कडुनिंब आतल्या फाटकाच्या समोर. कैद्यांना त्याच फाटकातून आणतात.

मग टिपणात खोली कुठून आली? आदल्या परेडचं टिपण समोर ठेवून लिहिलं असणार. नावं, वेळ, वर्णन बदलायचं, बाकी मजकूर तोच. सगळे तसंच करतात. मी तशी नाही असं मला वाटायचं.

११ जाने.

यांना सांगितलं. म्हणाले, "उन्हातून सावलीत नेलंस. त्यात गुन्हा कसला?"

"नेलं त्यात नाही. नेलं ते लिहिलं नाही, त्यात."

हळदीच्या पेठेत जन्म गेला यांचा, वजनात फरक पडला की लगेच कळतं. मग म्हणाले, "पण तिनं त्याला येताना बघितला कशावरून?"

तेही खरंच. आरोपीला तोंडावर कापड टाकूनच आणतात. तिने बघितलं नसेल. तेवढं धरून बसायचं ठरवलं.

१४ जाने.

संक्रांत. माधवनगरातल्या सगळ्या ओळखीच्या घरी तिळगूळ झाला. शेजारीण म्हणाली, "तुम्ही साक्षीला जाताय म्हणे, खुनाच्या?" तिच्या बोलण्यात कौतुक होतं. मीही ऐटीत हो म्हणाले. नंतर स्वतःचाच राग आला.

२० जाने., सोमवार

सकाळी सहाची एसटी. दहाला साताऱ्यात. पुकारा झाला दुपारी तीनला.

शपथ घेतली. स.व.ने टिपण हातात दिलं. सही माझीच का, हो. मजकूर खरा आणि बरोबर आहे का, हो. वेळच लागला नाही. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

आरोपी मागे कठड्यात. परेडच्या वेळी भरलेला गडी होता, वेल्डिंगच्या दुकानात कामाला. आता शर्ट अंगावर लोंबतो. जामीन नाही, तीन वर्षं आतच. त्याचा वकील मोफत कायदेशीर मदतीतला, तिसरा की चौथा. कागद कालच हाती आलेत म्हणाला. उलटतपासाला ३ फेब्रुवारी दिली.

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होते. एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. हिराबाई.

"आवं म्याडम, वळखलं न्हाई व्हय? तुमी मला झाडाखाली बसवलं हुतं."

उठून तिला जागा दिली. ती बसेना. माझा हातच धरला तिने.

"लय उपकार झालं तुमचं. तितनं त्यो आत येताना नीट दिसला बघा. दोन पोलिसांच्या मधी. तवाच मनात म्हनलं, ह्योच. न्हाईतर त्या सात जनांत माजी गत काय झाली असती?"

मी विचारलं, "मावशी, त्याच्या तोंडावर कापड नव्हतं?"

"हुतं की. फाटकात वाकला तवा घसरलं."

गाडी लागली. ती म्हणाली, "जावा, जावा, जागा धरा." मी गेले. खिडकीतून बघितलं, तिने हात केला, मीही केला.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला, आमच्या जैन घरात मग जेवण नाही.

२२ जाने.

ह्योच म्हणजे कोण? विहिरीवरचा, की पोलिसांच्या मधला? बाई खोटं बोलत नाही. तिला वाटतंय मी तिच्यावर दया केली. केलीच होती. झाडाखाली बसवण्याऐवजी तिला घरी पाठवलं असतं आणि दोन ओळी खऱ्या लिहून त्या दिवसाची परेड रद्द केली असती, तर आठ दिवसांनी, त्याला आधी न दिसता, ती नीट झाली असती. मोठं नुकसान कुणाचंच नव्हतं. तेव्हा कंटाळा केला. उन्हात पुन्हा कोण येणार, असंच मनात आलं असणार. लिहिलेलं नाही, पण मी मला ओळखते.

तो खरा मारेकरी असला आणि मी तोंड उघडलं, तर सुटेल. तो नसला आणि मी गप्प बसले, तर जन्मठेप. दोन्हीकडे माझीच सही.

२ फेब्रु.

ठरलं. उद्या वकिलाने विचारलं, साक्षीदार कुठे बसली होती, की सांगायचं. विचारणारच. पहिला प्रश्न तोच असायला हवा.

हे म्हणाले, "आणि नाही विचारलं तर?" मी म्हणाले, इतका कच्चा वकील नसतो.

३ फेब्रु., सोमवार

नाही विचारलं.

रांगेतल्या बाकी सहा जणांची उंची विचारली. दाढी कुणाकुणाला होती. कपडे बदलायची मुभा दिली होती का. कागदावर लिहून आणलेले प्रश्न, एकेक वाचून खूण करत होता. शेवटी ठरलेलं वाक्य: "पोलिसांनी परेडच्या आधी आरोपी साक्षीदाराला दाखवला, असं माझं म्हणणं आहे."

"खरं नाही," मी म्हणाले.

पोलिसांनी नाहीच दाखवला. मी तिला तिथे बसवलं. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, हे मीच चौतीस वर्षं हाताखालच्यांना शिकवलं.

मग जबाब छापून हातात दिला, वाचा आणि सही करा. नेहमीच्या सवयीने ओळीवर बोट ठेवून वाचला. परेडची वेळ साडेअकरा पडली होती. मी सांगितलं, अकरा. त्यांनी दुरुस्त केली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "इतकं बारकाईनं कुणी वाचत नाही. आणखी काही दुरुस्ती?"

आरोपी माझ्याकडे बघत होता की घड्याळाकडे, सांगता येत नाही.

"नाही," म्हणाले आणि सही केली.

बाहेर आले. लाज वाटली, आणि ती लिहितानाही वाटतेय.

५ फेब्रु.

यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. थट्टा केली नाही. म्हणाले, "जन्मभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेस. एक अर्ज तू लिही."

लिहिला. मला पुन्हा साक्षीला बोलवावं, टिपणातला अमुक मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही. अर्धं पानही झालं नाही.

७ फेब्रु.

स.व.ला फोन केला. आधी त्याला वाटलं मी प्रवासभत्त्याचं विचारतेय. मग ऐकत गेला.

"मॅडम, हे तुम्ही शपथेवर सांगितलंय. आता उलट बोललात तर खोट्या साक्षीबद्दल तुम्हालाच नोटीस निघेल. आणि त्या म्हातारीला काय सांगू मी? तिच्याकडे एवढंच आहे."

"आणि तो नसला तर?"

"ते कोर्ट ठरवेल ना." मग, "अर्ज द्यायचा असेल तर थेट कोर्टात द्या. मला पाठवू नका. माझ्याकडे आला की मला आरोपीच्या वकिलाला दाखवावाच लागेल."

नाकारलं नाही त्याने. फक्त माझ्या हातात परत ठेवलं.

२४ फेब्रु.

दोन्हीकडचे युक्तिवाद संपले. निकाल ७ मार्चला, शुक्रवारी. अर्जावर ५ तारीख होती, आज पुन्हा लिहून काढला. मजकूर तोच, अक्षर बिघडलंय.

३ मार्च

दुपारी हिराबाईचा फोन. पुतण्याने लावून दिला.

"म्याडम, सुक्कीरवारी निकाल हाय. तुमी येताय न्हवं? तुमी असला म्हंजी मला धीर."

येईन म्हणाले. मग जे तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, ते विचारलं. विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं. "मावशी, राग मानू नका. विहिरीवर बघितला, तो हाच होता ना?"

मला वाटलं फोन कटला. मागे शेळी ओरडली, म्हणजे चालू होता.

"काय सांगू म्याडम. पोराच्या अंगावर पहार उगारली तवाचं तोंड मी लय आठवून बघती. पर आता डोळं मिटलं की फाटकातला ह्योच दिसतो. विहिरीवरचं तोंड आता येतच न्हाई."

मग म्हणाली, "ह्योच आसल की वं. न्हाईतर तुमी लिवलं कसं आसतं?"

जेवलात का, एवढं विचारलं. हो म्हणाली. फोन तिनेच ठेवला.

शुक्रवारला चार दिवस आहेत. अर्ज कोर्टात द्यायला म्हणून हे उद्याच्या सहाच्या गाडीचं विचारून आलेत, दोन तिकिटं मिळतील म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही.