डाव्या कानातली बाई

३ फेब्रुवारी
आज नव्या नोकरीवर रुजू झाले! अंतराळयुद्धाचा एक व्हिडिओ गेम काही वर्षांपूर्वी अर्ध्यात रद्द झाला होता, तो आता पुरा करायचाय. लढणाऱ्या छोट्या यानांना परत बोलावणारं एक मोठं जहाज आहे. त्या जहाजाचा आवाज मी. आधीची बाई मध्येच वारली, म्हणून तर गेम रखडला. दिग्दर्शकांना सगळे कप्तान म्हणतात. भाची फोनवर खिदळली, म्हणाली, मावशी, तू नि लढाई! हसू दे. गुडघे म्हातारे झाले असले, तरी आवाज तेवढा तरुण आहे माझा.

५ फेब्रुवारी
कामाची रीत गोड आहे. हेडफोनमधून डाव्या कानात तिचं जुनं वाक्य वाजतं, लगेच मी तेच म्हणायचं, मग त्याच सुरात पुढचं नवं, म्हणजे जुन्या-नव्याचा जोड कळत नाही. कॉन्व्हेंटमध्ये उच्चार सुधारावेत म्हणून सिस्टर आम्हाला दातांत पेन्सिल धरून वाचायला लावायच्या, ते आठवलं. ‘परत या, बाळांनो’ म्हणताना काचेपलीकडे कप्तानांनी डोळे मिटले. मला वाटलं, माझ्यासाठी.

९ फेब्रुवारी
माझ्यासाठी नव्हतेच. कप्तान म्हणाले, छान म्हणता हो बाई, पण ती म्हणायची तेव्हा आम्ही काम सोडून ऐकत बसायचो. तिचा निळा कप अजून कुणाला देत नाहीत. मेलेल्या बाईवर जळावं का माणसाने? जळतेय खरी.

१२ फेब्रुवारी
ध्वनिमुद्रकाला थाप मारली, की कप्तानांनी तिची सगळी वाक्यं पुसायला सांगितलीत, मीच नव्याने म्हणणार आहे. भाबडा माणूस, त्याने पुसली. घरी येताना चक्क गुणगुणत आले.

१३ फेब्रुवारी
आज निळ्या कपात चहा मिळाला! कप्तानांचे डोळे भरले. म्हणाले, अगदी तीच. अगदी तीच म्हणजे?
डाव्या कानात आता काही वाजत नाही. तरी मी म्हणायच्या आधी कुणीतरी श्वास घेतं.

१५ फेब्रुवारी
भाचीचा फोन. म्हणाली, जरा मावशीला देता का? मीच बोलतेय गं, म्हटलं. तिने भीत भीत विचारलं, तुम्ही कोण? मावशी कुठाय?

१६ फेब्रुवारी
माझी सगळी वाक्यं ऐकली. एकही माझं नाही. सगळी तिची— पुसलेली—
हेडफोन काढला. डाव्या कानात, खूप लांब, दातांत पेन्सिल धरल्यासारखी एक बाई बोलतेय. ती मी आहे.

१७
कप्तान म्हणाले, आलीस शेवटी. माझ्याकडे बघून. आणि मी अजून जळतेय— माझ्याच तोंडावर—

१८
बोलत नाही. तोंड घट्ट मिटून बसलेय. अक्षर तरी माझंच आहे, सिस्टरांनी वळण लावलेलं.
पण प्रत्येक शब्द कानात आधी ऐकू येतो— ती सांगते— मग मी लिहिते—
आता म्हणतेय, पेन इकडे—