दोन्ही हात हलवल्याबद्दल

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण त्यांची चौकशी केल्याशिवाय पत्र सुरू केलेलं तुम्हाला खपत नाही. उजवा अजून जिना चढताना कुरकुरतो का? डाव्याने त्याचं ऐकून संप पुकारला नसावा अशी आशा आहे. भाऊजींचा खोकला, गॅलरीतल्या कुंड्या, आणि ज्यांच्याशी तुम्ही बोलत नाही ते शेजारी, सगळे खुशाल असोत. इकडे मी ठीक. तुमचे बंधू कसे आहेत हे सांगायला मात्र एवढं मोठं पत्र लागणार आहे, तेव्हा चष्मा लावा आणि चहा जवळ घेऊन बसा.

तुमचं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. (तिसऱ्यांदा वाचलं असतं तर लगेच उत्तर लिहायला बसले असते, आणि ते तुम्हाला आवडलं नसतं.) पाकिटात त्या भल्या थोरल्या मनोरंजन उद्यानाची दोन तिकिटं होती आणि तुमचा निर्णय होता. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी ह्यांना क्रेनवर चढायची बंदी केली, तेव्हापासून तुमच्या भावाने तोंडाला कुलूप घातलंय. तर त्याला एक दिवस मौजमजा करायला ने, आणि तरीही तो बोलता झाला नाही तर महिनाअखेरीला मी स्वतः येऊन त्याला माझ्याकडे घेऊन जाईन, असं तुम्ही लिहिलंत. ‘त्याला’ असं. ‘तुम्हा दोघांना’ असं नव्हे. तुमचा हक्क आहे, थोरल्या आहात, कडेवर घेऊन वाढवलंय तुम्ही त्यांना. मी एक अक्षर बोलणार नाही. फक्त एवढंच की त्या दिवसापासून महिनाअखेरीचे दिवस मोजत होते, आणि तशीच मोजत मी उद्यानात गेले.

आता, तुमचे बंधू पूर्वी फार बडबडे होते अशातला भाग नाही. जन्मभर उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत एकटं बसायचं आणि खालच्या मुकादमाच्या हातांकडे बघून लोखंड उचलायचं. त्यामुळे घरातही अर्धा संसार हातांनीच चालायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला सगळ्या खुणा शिकवल्या. बोट वर करून गरगर फिरवलं की वाढ. तळहात पालथा धरून हळूहळू खाली नेला की पुरे. मूठ वळली की थांब, विचार करतोय. (पाहुण्यांना वाटायचं, ह्या घरात सगळेच मुके आहेत.) पण त्या हातांच्या मागे माणूस असायचा, वन्सं. बंदी आल्यापासून हातही मांडीवर पडून राहिले. जेवण वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर तसेच बसायचे. डोळे कायम फरशीवर. सकाळी मी आधी त्यांच्या छातीकडे बघायची, वरखाली होतेय ना म्हणून, मग चहा ठेवायची. हे मी तुम्हाला कधी कळवलं नाही, कारण तुम्ही मिळेल त्या गाडीने आला असता.

तर उद्यान. दारातच एक माणसाएवढं अस्वल येऊन ह्यांना कडकडून भेटलं. मुलं खिदळत होती. ह्यांनी अस्वलाचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून उभे राहिले, जणू त्याच्या घरी कोणी गेलंय. अस्वलही बिचारं गंभीर झालं. पुढे भूतबंगला. तिथे अंधारात छतातून एक सांगाडा दोरीवरून अंगावर येतो. सगळे किंचाळले, मी तर समोरच्या अनोळखी माणसाची कॉलर धरली, आणि हे मात्र त्या सांगाड्याकडे साहेब लोक सहीसाठी आलेल्या कागदाकडे बघतात तसे बघत राहिले. पाण्याच्या घसरगुंडीवर बसवलं. खाली आलो तेव्हा मी चिंब भिजून ठणाणा करत होते. हे चिंब भिजून गप्प होते. दुपारच्या डब्याला अंडी सोलून दिली तीही मुकाट्याने खाल्ली, मी मीठ विसरले होते तरी. वन्सं, मीठ नसलं की काय बोलायचे ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा माझा धीर सुटला. मनात म्हटलं, गेले हे. वन्सं येणार, बॅग भरणार, आणि दारात मी उभी राहणार.

शेवटी राहिला आकाशपाळणा. उंच म्हणजे किती, मान मोडेपर्यंत. ह्यांनी एकदा वर बघितलं आणि नजर पटकन खाली घेतली. डॉक्टरांची बंदी, त्यांना वर जाता येणार नव्हतं. मला मात्र जायचं होतं. इतकी वर्षं मी साइटवर डबा घेऊन जायची आणि खालून त्या काचेच्या खोलीकडे बघायची; तिथून काय दिसतं ते मला कधीच दिसलं नव्हतं. पर्स ह्यांच्या हातात दिली आणि चढले. (एकटीनं चढले म्हणून रागावू नका. तिकीट तुमचंच होतं.)

माझ्या शेजारी एक चपलांच्या दुकानाचे मालक बसले होते, भारदस्त गृहस्थ, पाळणा हलताच त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. वर गेल्यावर वारा असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. खाली सगळी माणसं मुंग्यांएवढी, आणि त्यात एक मुंगी माझी पर्स छातीशी धरून, जमिनीकडे बघत उभी. वन्सं, मला फार एकटं वाटलं. हे जन्मभर अशाच उंचीवर बसायचे आणि एवढ्या सगळ्यातून मला ओळखायचे. संध्याकाळी घरी येऊन सांगायचे की आज तू हिरवी साडी नेसून आली होतीस. मी मनाशी म्हणत राहिले, एकदा वर बघा हो, एकदाच. आणि त्यांनी बघितलं! खरंच मान वर केली! मला इतका आनंद झाला की मी उठले (उठायचं नसतं, तशी पाटी होती) आणि दोन्ही हात पसरून, एक चप्पलवाल्यांच्या मुठीसकट, वरखाली, वरखाली हलवायला लागले.

आता तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. क्रेनवाल्यांच्या भाषेत दोन्ही हात असे हलवले की त्याचा एकच अर्थ होतो: घात झालाय, असेल ते सगळं आत्ताच्या आत्ता थांबवा. मला हे शिकवलेलं होतं. पण आनंदात कुठे आठवतं?

पुढचं मी वरून बघितलं. पर्स पडली. तुमचे बंधू, ज्यांना खुर्चीतून उठवायला मला दोनदा हाक मारावी लागते, ते लोखंडी कठड्यावरून उडी मारून आत गेले, पाळणा चालवणाऱ्या बाईंना बाजूला सारलं आणि तांबडं बटण दाबलं. पाळणा गचका खाऊन थांबला. आम्ही अगदी टोकाला. चारी बाजूंनी आरडाओरडा. चप्पलवाल्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आमचे मिस्टर. त्यांना वाटलं पडले की काय, ते हळहळले. मी म्हटलं, नाही हो, त्यांनीच थांबवलाय. तेव्हा त्यांनी माझं मनगट सोडलं आणि शक्य तितके लांब सरकून बसले.

तांबडं बटण एकदा दाबलं की इंजिनियरने येऊन तपासल्याशिवाय पाळणा हलत नाही म्हणे, आणि इंजिनियर उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही लटकलेलो. तेवढ्यात हे मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले, मला दिसतील असे, आणि एक तळहात माझ्याकडे सरळ उभा धरला. हलू नकोस, मी आहे. मी खाली बसले. अंगठा वर करून दाखवला, ठीक आहे. त्यांनी छातीवर हात ठेवला, कळलं. मग मी खुणेनेच विचारलं, पर्स? त्यांनी बोटाने दाखवली. मी बोट गरगर फिरवलं, भूक लागलीय. ते हसले, वन्सं. एवढ्या उंचीवरून मला दिसलं. सुरक्षारक्षक त्यांना दंडाला धरून ओढत होते, बाई शिट्ट्या फुंकत होत्या, पण तो उभा धरलेला तळहात मी खाली येईपर्यंत त्यांनी खाली घेतला नाही. मी वर बसून रडले. चप्पलवाल्यांनी रुमाल दिला. माणूस तसा चांगला होता.

खाली पाय टेकले आणि तुमच्या बंधूंच्या तोंडाचं कुलूप निघालं. दोन्ही हात? दोन्ही हात कोणी असे हलवतं का? अक्कल गहाण टाकलीस का? भर गर्दीत. मला इतकं गोड कधीच कोणी बोललं नसेल. मग बाईंना फैलावर घेतलं, मग इंजिनियरला, मग मॅनेजरच्या खोलीत बसून मॅनेजरला. (सगळ्यांत हेच चुकले होते, हे त्यांना सोडून सगळ्यांना कळत होतं. मॅनेजर शेवटी कपाळ धरून बसले.) आम्हाला सन्मानाने बाहेर काढण्यात आलं. दारापर्यंत पोचवायला तेच अस्वल दिलं होतं. अस्वलाने डोकं काढलं तर आत माझ्याच वयाच्या बाई, घामाघूम. म्हणाल्या, आता बरं वाटतंय का हो ह्यांना? सकाळी मला फार काळजी वाटली.

तेव्हा तुमची तिकिटं कारणी लागली. तुमचे उपकार कसे फेडू?

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. हे तेव्हापासून बोलताहेत. अस्सं बोलताहेत की माझे कान किटले. झोपेतही मॅनेजरला समजावतात. तेव्हा ठरल्याप्रमाणे तुम्ही याच, आणि त्यांना आठवडाभर घेऊन जा. मी जरा शांत झोपेन.

आणखी ता. क. हे पत्र टाकायला मी निघाले, तेवढ्यात ह्यांनी ते उघड्या पाकिटातून काढून वाचलं.  पुन्हा फरशीकडे बघत बसले. माझ्या जिवाचं पाणी झालं. मी म्हटलं, अहो, मी चेष्टा केली. मग हळूच म्हणाले, तू येणार नसशील तर मी नाही जात ताईकडे. वन्सं, तुमचा हक्क मोठा आहे, मी मानते. पण वरचा ता. क. लिहिलाच नाही असं समजा. बोलवायचं तर आम्हा दोघांना बोलवा, आणि पत्रावर माझंही नाव घाला. नाहीतर येऊ नका.