मुलीला काय झालंय?

ब्रेंडन,

आज दुपारी तुझ्या हायस्कूलमधून माझ्या शेजारच्या डेल्मीला फोन गेला, "येसेनियाला बरं नसेल, उद्या तिला घरीच राहू द्या." डेल्मी धावत माझ्याकडे आली. "रोझलिनबाई, माझ्या मुलीला काय झालंय? शाळेच्या नर्सला काही दिसलं का?" मी जाऊन बघते, तर धडधाकट पोरगी छातीला मलम चोळून ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली!

मी त्या माऊलीला खरं काय ते सांगितलं. उद्या राज्याची परीक्षा आहे, आणि इंग्रजीत कच्ची मुलं घरी बसली की मुख्याध्यापकाचा निकाल वर जातो. तो मुख्याध्यापक माझा सख्खा भाचा आहे, हेही सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

येसेनिया उठून बसली. "माझ्यामुळे शाळेचं नाव खराब होईल का?"

"ते काम मुख्याध्यापकांनी केलंय. तू पेपर लिही."

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी पट्टीने बडवलं, चारचौघांत गाढव म्हटलं. पण परीक्षेच्या दिवशी घरी बस, असं एकीनेही म्हटलं नाही. आम्ही गाढवं असलो तरी त्यांचीच होतो.

हे पत्र टपालात टाकत नाही. टपाल पोचेपर्यंत परीक्षा होऊन जाईल, म्हणून आज रात्रीच तुझ्या दाराखालून सरकवते. उद्या सकाळी मीच येसेनियाला घेऊन येते. मला दारात अडवायचं असेल तर शिपायाला पाठवू नकोस, स्वतः ये. नापास व्हायचंच असेल, तर पोरगी आपल्या बाकावर बसून होईल.

तुझी आत्या,
रोझलिन