सगळ्यांना जाणारा साधा मेसेज

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
अनिरुद्धला माझा मेसेज दिसलाच नाही म्हणे! म्हणजे आला होता, पण — "ताई, तुझे हिरवे येतात गं, राहून जातात." आयफोनवाल्यांचे आपापसातले निळे, आमच्यासारख्यांचे हिरवे. बाबांना पुढचे तीन महिने तू नेशील का, एवढंच विचारलं होतं. त्यात रंग कुठून आला?

व्हॉट्सअॅप भाऊराया उघडत नाहीत. धाकटी दीपाली गेल्या महिन्यात स्वदेशी अॅपवर गेली. "तूही घे ना, एका मिनिटात होतं!" घेतलं. चाळीस मिनिटं लागली.

५ नोव्हेंबर
बाबांच्या गुडघ्याचा रिपोर्ट. एक फोटो, दोघांना दोन वाटांनी पाठवायचा. दीपालीला गेला. अनिरुद्धचा दिवसभर 'पाठवत आहे, पाठवत आहे' करत बसला आणि संध्याकाळी लाल खूण. "मग मेल कर ना." केला. अजून बघितलेला नाही.

बाबा ब्याऐंशीचे. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, माझ्याकडेच आहेत. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, मी दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर, आणि रात्री तीन-तीनदा हाक — "वासंती, उठव जरा." दमले मी. नुसती दमले.

९ नोव्हेंबर, रविवार
दीपालीनं शेवटी युक्ती सांगितली — "अगं, साधा मेसेज टाक! तो कुठल्याही फोनवर जातो." खरंच की! फोनमध्ये 'घर' म्हणून यादी आहे, आई असतानाची. ती निवडली, लिहिलं, पाठवलं. एका दमात सगळ्यांना!

मग कळलं, उत्तरं फक्त मला येतात. ह्याचं तिला दिसत नाही, तिचं ह्याला दिसत नाही. म्हणजे प्रत्येकाचं उत्तर मी उचलायचं आणि पुन्हा 'घर'ला पाठवायचं. छान. फुकटची पोस्टमास्तरीण!

११ नोव्हेंबर
अनिरुद्ध : "आमच्याकडे आतून जिना आहे. बाबा पडले तर?" पाठवलं सगळ्यांना.
दीपाली : "माझ्याकडे सासूबाई आहेत. दोन म्हातारी माणसं मला जमणार नाहीत." पाठवलं.
अनिरुद्ध : "आईच्या वेळी पण हेच म्हणाली होतीस." तेही पाठवलं! भांडण त्यांचं, अंगठा माझा दुखतोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज लिहिलंच. दवाखान्यात, पेशंट समोर उभे असताना. "चार वर्षं मी एक रात्र सलग झोपलेले नाही. मला बाबांचा कंटाळा आलाय. मला माझं घर परत हवंय. कुणीही न्या, पण न्या."

पाठवलं. सगळ्यांना. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
दोघंही गप्प. चांगलंच झोंबलेलं दिसतंय.

बाबा आज माझ्या आधी उठले. चहा केला! मलाही दिला. "बस दोन मिनिटं. रोज किती धावतेस." दोन्ही कप स्वतः विसळले. साखर जास्त झाली होती, पण बोलले नाही मी.

१८ नोव्हेंबर
चौथी रात्र, एकही हाक नाही. गुडघ्याची गोळी लागू पडली बहुतेक. किती दिवसांनी झोपले!

२० नोव्हेंबर
अनिरुद्ध : "ठीक आहे, जानेवारीत बघू." हे 'बघू' मी चार वर्षं बघतेय. पाठवलं सगळ्यांना.

दुपारी बाबा खिडकीशी उभं राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. बराच वेळ, हळू आवाजात. कोण होतं विचारलं, तर "काही नाही, चौकशी." एसटीच्या स्वारगेट डेपोत तीस वर्षं कंट्रोलर होते, त्यांना कोण विचारणार! आंघोळीचं पाणीही आता स्वतःच काढतात. मी नको म्हटलं, तर हसले.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बाबांचा मेसेज आला. आतल्या खोलीतून.

"निरोप पोचत होते. सगळे. अनिरुद्धकडे जिना, दीपालीकडे सासूबाई, तुला झोप नाही. कुणाचंच खोटं नाही. लोणी काळभोरच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे जागा मिळाली. सोमवारी अकराला निघायचं. त्या दोघांना कळवलं आहे. फोन करून."

यादी उघडून पाहिली. तीन नंबर. मी दोनच धरून चालले होते.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. चौदा तारखेचा तो मेसेज पुसता येतो का, तासभर शोधत बसले. व्हॉट्सअॅपवर येतो. दीपालीच्या अॅपवर येतो. साध्या मेसेजला ती सोयच नाही.