चार बोटं खिडकी

आई,

शेगडीबद्दल लिहायला बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायचं म्हटलं की पहिली तीच डोळ्यांपुढे येते, हे कसं, माझं मलाच कळत नाही. इगतपुरीचं आपलं रेल्वेचं क्वार्टर, बाबा गेल्यावर तुला रेल्वेच्याच दवाखान्यात आयाची नोकरी मिळाली म्हणून आपल्याकडे राहिलेलं. जूनपासून भिंतींना ओल, चादरी ओल्या, मिठाला पाणी सुटलेलं. आणि लग्न होऊन नाशिकला गंगापूर रोडला गेलेली मी पहिल्या बाळंतपणाला आले ती नेमकी भर पावसात.

बाळंतिणीची खोली उबदार ठेवायला तू मला शिकवलंस, कारण तू ड्यूटीवर गेलीस की घरात मी आणि बाळ दोघीच. लाकूड आधी गालाला लावून बघायचं, गार लागलं तर ते ओलं. मागच्या पडवीत पेटवायचं, धूर पार सरला आणि निखारे लाल झाले की चिमट्याने शेगडीत भरायचे, वर राखेचा पातळ थर द्यायचा आणि मगच शेगडी आत आणायची. मला ते काही केल्या जमेना. घाईघाईने अर्धं जळलेलं लाकूड आत आणलं की खोलीभर धूर व्हायचा, नि तू म्हणायचीस, "शाळा लय शिकलीस गं, लाकूड नाय शिकलीस." हसत म्हणायचीस, पण मला राग यायचा. आणि एक नियम खिडकीचा. काही झालं तरी ती चार बोटं उघडी ठेवायची. का, म्हणून मी एकदा विचारलं. तू शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "निखाऱ्याला बी श्वास लागतो." झालं, एवढंच.

मी त्याचा अर्थ लावला तो असा, की खिडकी शेगडीसाठी आहे. निखारे विझू नयेत म्हणून. ती आपल्यासाठी असेल हे डोक्यातच आलं नाही, मॅट्रिक झालेलं डोकं ना ते! तू दवाखान्यात वावरणारी, तुला नीट सांगता आलं असतं. की तुलाही तेवढंच माहीत होतं? मला आजही ठरवता येत नाही.

बाळ दहा दिवसांचं असताना सासूबाई बघायला आल्या. खाटेवर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, बाळंतिणीच्या खोलीत वारा? तुमच्याकडे असंच असतं का?" तू टोपलीवरचे लंगोट परतत राहिलीस. मीच मेल्याहून मेल्यासारखी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आत येत होता म्हणून तू खिडकीच्या खालच्या फटीत एक फडकं कोंबलंस, वर चार बोटं मोकळी ठेवलीस आणि कामावर गेलीस. त्या चार बोटांत मी माझा जुना परकर कोंबला. निखारे छान फुललेले होते, त्यांना आता वाऱ्याची गरज नाही असं मला वाटलं. खरं तर कौतुकच वाटलं स्वतःचं, की शेवटी खोली उबदार करायला जमलं आपल्याला.

मग डोकं जड व्हायला लागलं. बाळ पाजता पाजता मागे रेलल्याचं आठवतं. त्यानंतर एकदम गार पाणी तोंडावर, मी व्हरांड्यात पावसात पडलेली, अंगणात शेगडी उलटी आणि तू बाळाला हातांवर घेऊन त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारते आहेस. बाळाची मान लोंबते आहे. तू ओरडते आहेस, "रड की गं! रड!" आणि मग ते रडलं. तू भरदुपारी ड्यूटी टाकून घरी का आलीस, हे मी तुला कधीच विचारलं नाही. आत जाऊन खिडकी उघडली ती शेजारच्या मावशींनी. परकर त्यांनी ओढला असणार. तो तू पाहिलास की नाही, इथेच माझं सगळं अडतं.

तू निरोप धाडल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि हे आले. सासूबाईंनी पहिलंच विचारलं, "खिडकी कोणी बंद केली?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "म्या. पाऊस येत व्हता, फडकं कोंबलं म्या. माझ्या हातनं झालं." मी बाळाच्या तोंडाकडे बघत बसले. त्याच संध्याकाळच्या गाडीने मला नाशिकला नेलं. बारशाला तू आलीस, तर दाराजवळ बसून राहिलीस. कोणीतरी घे म्हणेपर्यंत नातीला हात लावला नाहीस.

तू खोटं बोलून मला वाचवलंस, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. मग वाटायला लागलं, तुला खरंच तसं वाटत असेल तर? फडकं तर तू कोंबलंच होतंस. त्यानंतर तू घरात निखारा आणला नाहीस. पावसाळ्यात भेटायला आले की दोन लुगडी अंगाला गुंडाळून बसलेली असायचीस, हात बर्फासारखे. शेगडी पेटवू का म्हटलं तर "नाय, सवय झाली आता" म्हणायचीस. छाती धरली, खोकला गेला नाही, आणि तसल्याच एका पावसाळ्यात तू गेलीस. तू जाणून माझी चूक अंगावर घेतलीस, की माझी चूक स्वतःची समजून गारठत राहिलीस? दोन वाक्यं बोलले असते तर कळलं असतं. बोलले नाही. मला माझीच चीड येते.

ते बाळ आता बाळंतपणाला माझ्याकडे आलं आहे. पौषातली थंडी आहे. सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "हीटर आणतो. शेगडीबिगडी नको, तुझ्या आईने काय केलं होतं, आठवतंय ना?" लेकीने विचारलं, "आजीने काय केलं होतं?" तर यांनी तिला सगळं सांगितलं, त्यांना माहीत आहे तसं. ती म्हणाली, "बापरे, मरतच होते की मी!" मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, काय लिहितेस म्हणून. किराण्याची यादी, म्हटलं.