काश्यप गोत्राची कंपनी

बालीगंज, मंगळवार

प्रिय शामदादा,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, गुडघा जिने चढताना कुरकुरतो तेवढाच. गंगेच्या अलीकडे राहणाऱ्या बहिणीनं पलीकडच्या भावाला पोस्टानं पत्र पाठवायचं म्हणजे अतीच झालं, पण फोनवर तू हल्ली मीटिंगमध्येच असतोस. चार वेळा लावला. चारही वेळा केयूरनं उचलला आणि 'आत्या, बाबा तुला नंतर करतील' असं इतक्या गोड आवाजात सांगितलं, की माझ्याच भाच्याच्या तोंडून मला कस्टमर केअर ऐकल्यासारखं झालं. पत्राला असं कुणाला थांबवून ठेवता येत नाही. शिवाय तुला माझं अक्षर आवडतं, हे आता कोर्टाच्या कागदांवरूनच कळलंय.

सुचित्राच्या वकिलांनी तुझं प्रतिज्ञापत्र मला वाचायला दिलं. तिला कामावरून काढलं ते बरोबरच होतं, असं सांगणारी सदतीस पानं. शेवटी जोडलेल्या कागदांत आपल्या पूजेच्या वहीच्या झेरॉक्स आहेत. सगळ्या माझ्या हातच्या. निळी शाई, 'यजमान' या शब्दाखाली मी ओढायची ती दुहेरी रेघ, एका पानावर पंचामृताचा डागसुद्धा उमटलाय. मला न विचारता तू ती वही कपाटातून काढलीस आणि वकिलांना दिलीस. आता सगळं सोडून ते एकच पान पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं, म्हणून आधी त्याचंच लिहिते.

तुला तो दिवस आठवत असणारच. हावड्यातल्या त्या भाड्याच्या शेडमध्ये पहिला लेथ येऊन चार दिवस झाले होते. बाबांनी आपल्या दोघांच्या नावांची मोडतोड करून 'शामानू व्हॉल्व्ह्ज प्रायव्हेट लिमिटेड' असं नाव ठेवलं होतं आणि त्यावर ते स्वतःच फार खूश होते. सत्यनारायणाला रेल्वेतून निवृत्त झालेले जोशीबुवा आले. तू आणि वृंदावहिनी पाटावर बसलात. जोशीबुवांनी संकल्पासाठी नाव आणि गोत्र विचारलं, तर तू छाती फुगवून म्हणालास, पूजा कंपनीची आहे, कंपनीचंच नाव घ्या. ते बिचारे गोंधळले, म्हणाले, अहो पण तिचं गोत्र काय सांगू? तेव्हा मी मागून नारळ सोलता सोलता ओरडले, काश्यप लावा, ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यपच लावतात ना! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जोशीबुवांनी हसत हसत तोच संकल्प सोडला, आणि मी वहीत लिहिलं, यजमान शामानू व्हॉल्व्ह्ज, गोत्र काश्यप. पुढे दरवर्षी वर्धापनदिनाला आपण तेच म्हणत आलो, कारण तो आपल्या घरातला विनोद होता. त्या एका ओळीत बाबांचं हसणं होतं रे.

आणि त्या विनोदाखाली तू सही करून लिहितोस की 'कंपनीची धार्मिक ओळख स्थापनेपासूनची असून वर्षानुवर्षे लेखी नोंदली गेली आहे.'

तुझे वकील हुशार आहेत. त्यांचं म्हणणं असं की कायद्यानं कंपनी ही व्यक्ती, व्यक्तीला धर्म पाळायचं स्वातंत्र्य, म्हणून शामानूलाही ते आहे. तिच्या धर्मात शाकाहार बसतो, तेव्हा जो तो मोडेल त्याला कामावर ठेवायची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. देवळातली मूर्ती कायद्यापुढे व्यक्ती ठरते, मग कंपनी का नाही, असंही त्यांनी विचारलंय. मी कायदा शिकलेली नाही. पण मूर्ती निदान कुणाच्या डब्यात डोकावत नाही. आणि निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं मी या कंपनीला जवळून बघितलंय, तिच्या प्रत्येक मीटिंगचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे. ती कधी उपाशी राहिली नाही, कधी कुणासाठी रडली नाही. विश्वकर्मा पूजेला तिच्याच अंगणात कामगार मटण शिजवायचे आणि तू पहिली वाटी घेऊन उभा असायचास. तेव्हा तिचा धर्म कुठे गेला होता? सुचित्रा टेस्टिंगला लागली त्याच वर्षी तिच्या डब्यातलं मोहरीतलं माछ चाखून तू मला म्हणाला होतास, अनू, आईला सांगू नकोस, पण आपण चुकीच्या घरात जन्मलो.

वहिनी गेल्यावर तू मांसमच्छी सोडलीस. तू पहाटे उठून पोथी वाचतोस, त्यानं तुला धीर येतो, हे बघून मला बरंच वाटत होतं. खरं सांगते, मी त्यावर कधी चेष्टेनंसुद्धा बोलले नाही. ते तुझं दुःख आणि ती तुझी पोथी. पण केयूरनं त्याचं 'आस्था धोरण' केलं, छापील, कंपनीच्या शिक्क्यासह, आणि फाटकाशी डबे उघडून बघायला माणूस बसवला, तेव्हा तू गप्प राहिलास. श्याऐंशी माणसं काम करतात तिथे. तुझं व्रत त्यांच्या पोटावर कशाला?

आई गेली तेव्हाचं तर मी विसरणंच शक्य नाही. तिसऱ्या दिवशी माल जायचा होता. मी रडून सुजलेल्या डोळ्यांनी तुला विचारलं, दहा दिवस शेड बंद ठेवायची का? तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, वेडी आहेस का, कंपनीला सुतक नसतं. मला ते पटलं होतं. आजही पटतं. आई तुझी नि माझी होती, कंपनीची नव्हती. फक्त एवढंच सांग दादा, आईचं सुतक न लागलेल्या कंपनीला सुचित्राच्या डब्याचा विटाळ कसा झाला?

आता त्या डब्याबद्दल. तुझ्या सदतीस पानांत त्याला एक ओळ मिळालीय, 'कर्मचारी महिलेने स्वतःच्या घरून आणलेला मासे असलेला एक साधा स्टीलचा डबा.' त्या ओळीत मासे आणि स्टील सोडलं तर एकही गोष्ट खरी नाही.

सुचित्राची आई ऑगस्टमध्ये गेली. भाऊ नाही, लग्न केलं नाही, सगळं तिनं एकटीनं निभावलं. श्राद्ध होईपर्यंत हविष्यान्न खाऊन ती अर्धी झाली होती. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी बंगाल्यांत मत्स्यमुखी असते, सुतक पाळलेल्या माणसाला आप्तांनी मासे खाऊ घालायचे, म्हणजे तो पुन्हा संसारात आला. तिला खाऊ घालायला आप्त म्हणून कुणी उरलं नव्हतं, आणि रजा संपली होती. म्हणून मी पहाटे गडियाहाटच्या बाजारातून रुई मासा आणला आणि मोहरी वाटली. सात वाजता ती रोजच्यासारखी माझ्या घरावरून बसला जाताना दारात थांबली, तेव्हा डबा तिच्या हातात दिला. ती घ्यायला तयार नव्हती. नवा नियम तिला माहीत होता, मलाही होता. मीच तिला म्हणाले, जा गं, दादाच्या कंपनीत माझ्या डब्याला कोण हात लावणार आहे! असं म्हणाले मी. सव्वीस वर्षांच्या जोरावर म्हणाले. तिची नोकरी त्या एका वाक्यानं गेली, आणि ते वाक्य माझं होतं.

चार दिवसांनी ती डबा परत द्यायला आली. घासून लख्ख केलेला, आणि रिकामा द्यायचा नाही म्हणून आत संदेश मिठाईचे चार तुकडे. काढून टाकल्याचं अवाक्षर बोलली नाही. मला कळलं ते दुर्गापूजा उलटल्यावर, बाजारात, कामाच्या दिवशी अकरा वाजता तिला भाजी घेताना बघितलं तेव्हा. चौकशीत तिला तीन वेळा विचारलं म्हणे, मासे कुणी दिले. तिन्ही वेळा तिनं घरचेच आहेत असं सांगितलं. का, म्हणून मी तिच्यावर चिडले तर म्हणाली, 'दिदी, चाकरी तो आमार गेछे, आपनार भाई केनो जाबे?' नोकरी माझी गेली, तुमचा भाऊ का जावा?

तिच्या त्या सांगण्यावर मी आणखी दोन महिने गप्प बसले. मनाची समजूत घालत राहिले की तुला माहीत नसेल, सगळं केयूरनं केलं असेल, तुझ्यापुढे फक्त सहीला कागद आला असेल. पण प्रतिज्ञापत्राला चौकशीचा अहवालही जोडलाय. त्यात लिहिलंय की डबा टेबलावर ठेवून तपासला आणि चौकशीचे अध्यक्ष म्हणून तू स्वतः झाकण उचलून पाहिलंस. त्या झाकणावर आईनं कोरून घेतलंय, 'चि. अनूस, आईकडून.' मी ऑफिसात यायला लागले तेव्हा तिनं एकसारखे दोन डबे घेतले होते आणि भांडीवाल्यापुढे बसून दोन्हीवर नावं घालून घेतली होती. त्यातला दुसरा तुझा. तो अजून रोज तुझ्या टेबलावर असतो. तू ते झाकण हातात घेतलंस, अक्षरं वाचलीस, खाली ठेवलंस आणि 'साधा स्टीलचा डबा' या शब्दांखाली सही केलीस. तुला ठाऊक होतं, दादा. तिला घालवलंस तेव्हा तुला ठाऊक होतं की मासे मी केलेत. मला दुखवायचं नव्हतं म्हणून ते लपवलंस की मी मध्ये पडेन म्हणून, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारलं. आता विचारत नाही.

पुढच्या गुरुवारी कामगार न्यायालयात सुचित्राकडून साक्षीदार म्हणून मी उभी राहणार आहे. ती नको म्हणत होती, मीच तिच्या वकिलांकडे गेले. हे तुला तिथे अचानक कळू नये, माझ्याकडून आधी कळावं, म्हणून हे पत्र. तिला परत घे, समजूत काढ, असं काही मागायला लिहिलेलं नाही. वहीतलं काश्यप गोत्र ही माझी थट्टा होती, हे मी सांगेन. सुतकाचं तुझं बोलणं सांगेन. मासे माझे होते, हेही सांगेन. डबा बरोबर नेणार आहे. तो दाखवून तिचे वकील मला विचारतील की चौकशीच्या अध्यक्षांना हा डबा कुणाचा हे ओळखता आलं असतं का. तू समोरच बसलेला असशील. मी तुझ्याकडे बघून हो म्हणेन.

कंपनीच्या नावातली अर्धी, आणि अजून तुझीच,
अनू