आईच्या खोलीवरचं छत

गोर, ४ मे १९७९

चि. उना हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

आईच्या खोलीच्या माळ्यावर ऊबेसाठी पसरायला शनिवारी आलेला माल: पिंजलेल्या कागदाची चौदा पोती, चौऱ्याऐंशी डॉलर, नळीतून तो माळ्यावर फुंकायचं यंत्र, दिवसाचं भाडं अठरा, नाकातोंडाला बांधायच्या पट्ट्या दोन, ऐंशी सेंट. हे सगळं दुपारी मर्डोने, तुझ्या भावजींनी, परत पाठवलं!

एक जूनला, आपल्याकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, तुझं ऑपरेशन, त्याआधी आईला इकडे आणायचं, आणि गार खोलीत तिची छाती टिकणार नाही असं डॉक्टर बजावतात. हे सारं सांगून झालं. पण नऊशे मेंढ्यांच्या मालकाने डोक्यावर रद्दी पसरली तर बाजारात लोक हसतील, म्हणे. मेंढ्या कातरून उरलेली पोटाखालची लोकर त्याने न धुता माळ्यावर कोंबली. निदान धू म्हटलं, तर मेंढ्या बर्फात अशीच अंगावर घेऊन फिरतात, हे उत्तर. देव मला सबुरी देवो.

तुझी,
एल्सपेथ

डनीडन, १० मे

ती. सौ. ताईस सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, हीच माझी चूक. आयुष्यभर तुमच्या बाबांच्या सदऱ्यांचा मेंढीवास धुतला, आता त्याच्याखाली निजणार नाही, म्हणाली. त्यापेक्षा वृद्धाश्रम बरा. मी हसले, पण तिथे लापशीत मीठ घालतात की साखर, हे तिने फोन करून विचारलंसुद्धा! त्यांनी एक खाट पंचवीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. ताई, मला तिला तिथे सोडून ऑपरेशनला जायचं नाही गं. भावजींना सांग, त्यांचा जावईपणा लोकरीत गुंडाळून ठेवा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
उना

गोर, २३ मे

चि. उना हिस अनेक आशीर्वाद.

लोकर ओली होती. गुरुवारी आईच्या खाटेच्या बरोबर वर छताला पिवळा डाग फुटला. शुक्रवारी पाळकसाहेब चहाला आले. त्यांनी मेंढीवास हुंगला आणि दोनदा आपल्याच बुटांचे तळवे पाहिले. मर्डो शांतपणे त्यांना आणखी लोणी वाढत होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मध्ये रविवार, देवाचा दिवस, म्हणून हात आवरले. सोमवारी डोक्याला फडकं बांधून शिडी चढले आणि सगळी लोकर खाली फेकली. खाली उभा राहून मर्डो म्हणे, याहून ऊबदार वस्तू जगात नाही. मग तिच्यावरच नीज, म्हटलं. पोती पुन्हा आणली, पण यंत्र महिनाभर मोकळं नाही. दाबून भरलेला कागद विटेसारखा घट्ट. धुण्याच्या टबात हातांनी कुसकरून, पिंजून, बादलीबादलीने वर नेला. नखं सोलली. दहाव्या बादलीला मर्डो शिडीवर आला आणि बादली माझ्या हातातून घेतली. माफी मात्र नाहीच.

डागावर दोन हात रंग दिला, तरी दिसतोच. पण आज गवतावर दहिवर गोठलेलं असताना आईच्या खोलीत छोट्या शेगडीवर सोळा अंश होते, बाकी घरात सात. आता मर्डो खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन तिथेच जाऊन बसलाय, उठायला तयार नाही. पुढच्या वर्षी अख्ख्या घरावर घालू म्हणतो, पण लोकरच, वाळवून!

आश्रमाला आजच नाही म्हणून कळव. आई कोणत्या दिवशी, कोणत्या बसने येते ते उलट टपाली लिही. त्याला तिथून उठवायला मला एक पूर्ण दिवस लागेल.

तुझी,
एल्सपेथ